दोनशे सात नंबरचा फणस

आमच्या डोक्यावर झाड पडू नये म्हणून ज्या माणसाने नगरपरिषदेत अर्ज केला, त्याच माणसाने त्याच झाडाला कोणी हात लावू नये म्हणून तिथेच हरकत नोंदवली. दोन्ही कागदांवर सही एक, पत्ता एक, पेनसुद्धा एकच. हा माणूस माझा घरमालक. मी त्याचा भाडेकरू. आणि झाड ज्या पत्र्यावर पडायच्या बेतात होतं, त्या पत्र्याखाली माझी तीन वर्षांची मुलगी झोपत होती.

मी तेव्हा काशीदच्या एका रिसॉर्टवर मॅनेजर होतो. मॅनेजर म्हणजे, "समुद्राचा आवाज जरा कमी करता येईल का?" असं विचारणाऱ्या पाहुण्याला हसून उत्तर देणारा माणूस. त्यामुळे तऱ्हेवाईक माणसांची आपल्याला सवय आहे, अशी माझी समजूत होती. ती काकांनी, म्हणजे या घरमालकांनी, मोडून काढली. राहायला मी जवळच्याच एका नगरपरिषदेच्या गावात होतो. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं, तर काका वॉर्ड क्रमांकासकट दुरुस्ती पाठवतील.

काका मूळचे उरणकडचे, मिठागरवाल्यांच्या घरातले. न्हावा शेवाला बंदर झालं तेव्हा तिथे गोदामात टॅली क्लार्क म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत माल मोजत राहिले. कंटेनर उघडला की आतला एकेक खोका बाहेर यायचा, काका त्याला हात लावायचे आणि कागदावर रेघ ओढायचे. चार उभ्या, एक आडवी. शेवटी शेऱ्याचा रकाना. पोचा पडलेला, भिजलेला, सील तुटलेलं. "हात लावल्याबिगर मोजायचं न्हाय," हे त्यांचं तत्त्व. "आनि मोजलेलं हरवत न्हाय," हे त्याच्या पुढचं. निवृत्तीनंतर बायकोच्या माहेरच्या या गावात त्यांनी घर घेतलं. बायको दोन वर्षांत गेली. मग पुढच्या कौलारू भागात काका एकटे आणि मागच्या पत्र्याच्या दोन खोल्यांत आम्ही.

आम्ही राहायला आलो त्या दिवशी त्यांनी मला दोन चाव्या दिल्या आणि त्यांची पोच लिहून घेतली. मला वाटलं, चला, व्यवहारी माणूस आहे. मग संकष्टीला माझ्या बायकोने मोदक पाठवले. संध्याकाळी डबा परत आला, घासून पुसून, आणि आत चिठ्ठी: 'मोदक नग पाच मिळाले. शेरा: एक फुटलेला.' बायको दोन दिवस धुमसत होती. पुढच्या संकष्टीला मात्र डबा भरण्याआधी ती एकेक मोदक फिरवून बघत होती. माणूस असा असतो. कितीही राग आला तरी शेरा स्वच्छ हवासा वाटतो.

मोजायला माल उरला नाही म्हणून काकांनी वॉर्डातली झाडं धरली. रोज सकाळी सहाला हातात वही, खिशात टेप, आणि कडक इस्त्रीचा शर्ट. प्रत्येक झाडाला तळहात लावायचा आणि पुढे जायचं. नगरपरिषदेने एका ठेकेदाराकडून झाडांची गणती करून घेतली होती. त्या गणतीत नाक्यावरच्या विजेच्या खांबाला क्रमांक मिळाला होता आणि त्याच्याशेजारचं चिंचेचं झाड सुटलं होतं. काकांनी लेखी विचारलं की खांबाची उंची दर वर्षी किती वाढते. उत्तर आलं नाही. मग काकांनी सगळा वॉर्ड नव्याने मोजला, झाडांवर पांढऱ्या ऑइलपेंटने आपले आकडे घातले आणि प्रत नगरपरिषदेला दिली. पोच घेतली, हे सांगायला नकोच. आमच्या मागच्या अंगणातल्या फणसाचा नंबर दोनशे सात होता.

घराच्या आवारातलं झाड तोडायचं, तर आमच्याकडे नगरपरिषदेची परवानगी लागते. अर्ज केला की नगरपरिषदेचा माणूस येऊन झाडालाच नोटीस चिकटवतो: कोणाची हरकत असल्यास सात दिवसांत कळवावे. जगात कोणीही ही नोटीस वाचत नाही. ज्याच्या अंगणात ती लागते, तोसुद्धा फार तर नाव बरोबर छापलंय का एवढं बघतो. काका वाचायचे. नुसती वाचायचे नाहीत, तर सहाव्या दिवशी सकाळी साडेदहाला लेखी हरकत घेऊन हजर व्हायचे. सहाव्या का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "पयल्या दिवशी घेतली तर रागानं घेतली असं वाटतं. सातव्या दिवशी गेलं तर सायेब नसतो."

एका लॉजवाल्याला समुद्राचं दर्शन घडवण्यासाठी समुद्राच्या बाजूचे चार सुरू तोडायचे होते. त्याच्या अर्जात झाडं 'धोकादायक' होती. काकांनी हरकतीत एवढंच विचारलं की धोका झाडांपासून आहे की झाडांना आहे. सुरू राहिले. लॉजवाल्याने पाटीवरचं 'समुद्रदर्शन' पुसून 'वनराई' लिहिलं आणि त्याचा धंदा वाढला, पण काकांशी तो अजून बोलत नाही.

दुसरा किस्सा आमच्या गल्लीतल्या कंपाउंडरचा. त्याच्या दारातल्या देशी बदामाची पानं गटारात पडून गटार तुंबायचं. त्याने अर्ज केला, काकांनी हरकत घेतली, बदाम वाचला. कंपाउंडरने भर रस्त्यात काकांना नको नको ते ऐकवलं. काका ऐकत उभे राहिले. लगेचच्या रविवारी सकाळी ते फावडं घेऊन कंपाउंडरच्या दारात गेले आणि गटार साफ करून आले. त्याच्या पुढच्या रविवारीही गेले. मी तिथे राहायला आलो तेव्हा या गोष्टीला सहा वर्षं झाली होती आणि काकांचा एकही रविवार चुकला नव्हता. कंपाउंडरला आधी लाज वाटायची, मग सवय झाली, आणि नंतर तर, "काका, या रविवारी लवकर या हं, आम्हाला बाहेर जायचंय," इथपर्यंत त्याची प्रगती झाली. "हरकत घ्यायची तर मागची घान बी आपन उचलायची," काका म्हणायचे. तेव्हा मला ते हसण्यासारखं वाटलं होतं.

मग ते मोठं वादळ आलं. अर्ध्या वॉर्डाची झाडं आडवी झाली. काका आठ दिवस वही घेऊन फिरत होते आणि नंबरांपुढे शेरे लिहीत होते. दोनशे सात वाचला. वाचला म्हणजे पडला नाही. आमच्या पत्र्यावर कलला. एका बाजूचं मूळ जमिनीतून हातभर वर आलं. तो पावसाळा त्याने कसाबसा काढला. पुढच्या चैत्रात आमच्या मागच्या भिंतीला खालपासून वरपर्यंत चीर गेली, आणि वर हा फणस बरका. कापा फणस निदान घट्ट तरी असतो. बरका पिकला की नुसता लगदा. एका दुपारी तसला एक फणस पत्र्यावर येऊन असा फुटला की मुलगी किंचाळत उठली आणि पत्र्याच्या भोकातून रस तिच्या अंथरुणावर टपकायला लागला. बायकोने मुलीला कडेवर घेतलं आणि मला म्हणाली, "पावसाआधी झाड जाईल, नाहीतर मी आणि ही जाऊ. तू आणि तुझे काका पोच देत-घेत बसा."

अर्ज मालकाच्याच सहीने करावा लागतो. म्हणजे जो माणूस दुसऱ्यांच्या झाडांसाठी भांडतो, त्याच्याकडून त्याच्याच झाडाच्या मरणावर सही घ्यायची. मी रिसॉर्टवर तयारी केली. भडकलेल्या पाहुण्याला थंड करायची आमची वाक्यं असतात, ती सगळी पाठ करून आलो. काकांनी मला पहिल्या वाक्यालाच थांबवलं. टेप घेऊन मागे गेले, चीर मोजली, मूळ मोजलं, आणि परत येऊन सही केली. "मालकानं अर्ज करायलाच पायजे," म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या पाया पडलो. घाई केली.

त्यानंतरची धावपळ माझी. झाडाचे चार बाजूंनी फोटो. घरपट्टीची पावती. आवाराचा नकाशा आणि त्यात झाडाची जागा. शेजाऱ्यांची ना-हरकत. एवढं घेऊन गेलो तर खिडकीवरचा बाबू म्हणाला, "फोटोत झाड दिसतंय, पण धोका दिसत नाही." मी विचारलं, धोक्याचा फोटो कसा काढायचा? तो म्हणाला, "घर पण आलं पाहिजे त्यात. आणि माणूस." मग मी माझ्या मुलीला पत्र्याखाली उभं करून फोटो काढला. ती कॅमेऱ्याकडे बघून छान हसली. तो फोटो फायलीत लागला.

शेवटी नोटीस लागली. मी रोज कामावर जाताना फणसाकडे बघून दिवस मोजत होतो. सहाव्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर बायको दारातच उभी होती. तिच्या हातात कागद होता. हरकतीची प्रत, माहितीसाठी. अर्जदार म्हणून काकांना एक आणि झाडाखाली राहणारे म्हणून आम्हाला एक. काकांनी दोन्ही स्वतःच आणून दिल्या होत्या, म्हणजे एक स्वतःला.

माझं डोकं फिरलं. मी पुढच्या दारी गेलो आणि वयाचा मान वगैरे बाजूला ठेवून ओरडलो, "काका, सही तुमची, अर्ज तुमचा, आणि हरकतही तुमची? आमच्या जिवाशी खेळता का?"

काका ओट्यावर सुपारी कातरत होते. शांतपणे म्हणाले, "मी मालक हाय. मालकाला वाटतं तोडावं. पर ह्या वॉर्डातला नागरिक बी मीच हाय. नागरिकाला वाटतं तोडू नये. आजवर लोकांच्या झाडांना हरकत घेतली. माजं झाड आलं म्हनून गप बसू? मंग ती आधीची काय खाज व्हती का?"

"आणि माझी मुलगी?"

काकांनी अडकित्ता खाली ठेवला. मी पाय आपटत परत आलो. तासाभराने दार वाजलं. काका उभे, काखेत गुंडाळलेलं अंथरूण, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात वही. "आजपासनं तुमी पुडं, मी मागं," म्हणाले. "हरकत माजी हाय, तर झाड बी माज्याच डोक्यावर पायजे."

बायकोने त्यांना नको म्हणून पाहिलं, पण फार वेळ नाही. आईच ती. त्या रात्रीपासून आम्ही कौलाखाली, पंख्याखाली, काकांच्या शिसवी पलंगावर. आणि काका पत्र्याखाली, चिरेकडे तोंड करून, जमिनीवर. मला झोप फार छान लागली. याची आज लाज वाटते.

यात काकांचा हिशेब एका जागी चुकला. त्यांनी धोका आपल्या अंगावर घेतला, पण धोका घेणाऱ्याचा पोरांना लळा लागतो हे त्यांना माहीत नव्हतं. माझी मुलगी सकाळी डोळे उघडले की पुढून मागे धावायची आणि दिवसभर काकांच्या अंथरुणावर मुक्काम ठोकायची. काका तिला वहीतल्या रेघा ओढायला द्यायचे. चार उभ्या, एक आडवी. बायको तिला उचलून पुढे आणायची, ती परत मागे. काका तिला रागावून बघायचे. "ए पोरी, हितं यायचं न्हाय, हितं झाड हाय." ती विचारायची, "मग तुम्ही का येता, आबा?" काकांच्या वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

सुनावणी लागली. साहेब तरुण, नवीन बदलून आलेले. त्यांनी फाइल उघडली आणि विचारलं, "अर्जदार हजर?"

"हाय सायेब," काका म्हणाले.

"हरकतदार?"

काका उठले. टेबलाला वळसा घालून समोरच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावलं. "उपस्थित आहे, महोदय."

साहेबांनी फाइलकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आणि तुम्ही कोण?"

"मी झाडाखालचा," मी म्हणालो.

पुढचा पाऊण तास मी आयुष्यात विसरणार नाही. काका हरकतदाराच्या खुर्चीत असले की छापील मराठी बोलत. "सदर वृक्ष वादळात तग धरून राहिला असून, जे वादळाला जमले नाही ते नगरपरिषदेने करू नये. वृक्षास टेकू देऊन मूळ मातीने झाकल्यास तो जगू शकतो." मग उठायचे, बटण काढायचे, अर्जदाराच्या खुर्चीत बसायचे. "सायेब, टेकू कशाला देनार? मूळ उचाकलंय. भिंत गेली. खाली पोर खेलते. एक वारा आला की कारभार आटपला." पुन्हा उठायचे, बटण. "अर्जदारांनी मुलीचा उल्लेख केला आहे. परंतु मुलीस अन्यत्र हलवले असल्याची नोंद घ्यावी." बटण काढून: "हलवली खरी सायेब, पर ती राहत न्हाय ना."

साहेबांनी शेवटी हात टेकले. "काका, तुमच्या दोघांपैकी एकाने माघार घ्या ना."

काका तेव्हा हरकतदार होते. त्यांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं. "त्यांना विचारा, महोदय."

साहेबांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मीही पाहिलं. चहा घेऊन आलेल्या शिपायानेही पाहिलं, आणि मला खात्री आहे, त्याला तिथे कोणीतरी दिसलं, कारण त्याने एक कप तिकडे ठेवला.

आदेश यायला तीन आठवडे लागले. हरकत फेटाळली. झाड तोडायला परवानगी, बदल्यात दहा रोपं लावून जगवायची अट, आणि हरकतदारास पंधरा दिवसांत वरच्या कार्यालयात अपील करण्याची मुभा. तोवर झाडाला हात लावायचा नाही. ते शेवटचं वाक्य वाचून मी खुर्चीत बसलो. मे महिना निम्मा सरला होता. काकांनी अपील केलं, की ते जिल्ह्याला जाणार, तिथे तारीख पडणार, आणि तारखेच्या आधी पाऊस पडणार. काकांनी आजवर एकही अपील सोडलं नव्हतं. हरले की गावभर सांगायचे, "माजी हरकत कायम हाय," आणि दुसऱ्या दिवशी एस.टी. धरायचे.

अपील टाइप झालं. तीन प्रती पिशवीत गेल्या. मी बोलणं सोडलं होतं. पंधराव्या दिवशी, म्हणजे शेवटच्या दिवशी, मी कामावर जाताना काका इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. संध्याकाळी आलो तेव्हा ते मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले होते. शर्ट तोच, पिशवी मांडीवर, पिशवीत तिन्ही प्रती.

नंतर बायकोने सांगितलं. काका एस.टी. स्टँडपर्यंत गेले होते. चष्मा राहिला म्हणून परत आले. बघतात तर मुलगी त्यांच्या अंथरुणावर झोपलेली, डोक्याखाली वही, आणि वर पत्र्यावर फणसाची फांदी वाऱ्याने घासत होती. बायको तिला उचलायला धावली. काका म्हणाले, "राहू दे. आत्ताच झोपलीय." आणि स्वतः उंबऱ्यावर बसले, वर बघत. दुपारची एस.टी. गेली. तीनची गेली. ती उठली तेव्हा ऑफिस उघडं असताना जिल्ह्याला पोचणं शक्य नव्हतं.

मी विचारलं, "काका, मुदत?"

"गेली," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडं तोडणारा मुकादम आला, बरोबर दोन माणसं, दोर, यंत्राची करवत. आमच्याकडे जुन्या झाडाला सांगितल्याशिवाय घाव घालत नाहीत. मुकादमाने नारळ काढून काकांच्या हातात दिला. "काका, गाऱ्हानं घाला. मालकानं सांगितल्याबिगर मी हात लावत न्हाय."

काकांनी नारळ फोडला. मग खिशातून आदेश काढला आणि फणसासमोर उभं राहून मोठ्याने वाचला. सगळा वाचला. विषय, संदर्भ, अटी, शर्ती, 'प्रत माहितीसाठी' इथपर्यंत. मुकादमाची माणसं तोंड दाबून हसत होती. मीही हसायच्या बेतात होतो. वाचून झाल्यावर काकांनी कागदाची घडी घातली आणि झाडाला तळहात लावला, रोज मोजताना लावायचे तसा. म्हणाले, "तुजी बाजू मी मांडली. सायबानं न्हाय ऐकली. अपील व्हतं. ते मी क्येलं न्हाय. पोर झोपली व्हती रे."

मग ते बाजूला झाले आणि करवत सुरू झाली. मी हसलो नाही.  माझ्या पोरीसाठी काकांनी आयुष्यात एकदाच आपणहून हार पत्करली होती, आणि ती माझ्याजवळ नाही, झाडाजवळ कबूल केली.

दहा रोपं काकांनी अटीप्रमाणे लावली. प्रत्येक रोप भिंतीपासून टेपने मोजून इतकं दूर, की पुढे शंभर वर्षांनी पडलं तरी घरावर पडू नये. ओंडका मात्र अंगणातच राहिला. फणसाचं लाकूड चांगलं, दोन सुतार मागायला आले. काका म्हणाले, वाहतुकीचा परवाना काढा आणि न्या. दोघेही परत आले नाहीत. मुलगी त्या ओंडक्यावर बसून अभ्यास करायला लागली. शेजारी काका सुपारी कातरत बसायचे. दर वाढदिवसाला तिला ओंडक्याजवळ उभं करून टेपने मोजायचे आणि वहीत काहीतरी लिहायचे. काय लिहायचे ते मी कधी पाहिलं नाही.

मुलगी पाचवीत जाणार त्या वर्षी मला पनवेलला नोकरी मिळाली. तिथे शाळा चांगल्या होत्या. करारात होतं म्हणून काकांना महिनाभर आधी लेखी नोटीस दिली. त्यांनी पोच दिली. चेहऱ्यावर काही नाही. सहाव्या दिवशी सकाळी साडेदहाला आमचं दार वाजलं.

'विषय: भाडेकरूंच्या स्थलांतरास हरकत. महोदय, क्रमांक २०७ (अ) ही सदर आवारात तिसऱ्या वर्षापासून वाढलेली असून तिने येथे मूळ धरलेले आहे. तरी तिला येथून हलवू नये. सुनावणीची संधी मिळावी ही विनंती.'

मी तो आकडा दोनदा वाचला. फणसाचा नंबर त्यांनी वहीतून खोडला नव्हता.

"काका, सुनावणी कोण घेणार?"

"तूच घे. दुसरा सायेब कुठनं आनू?"

बायकोने स्वयंपाकघरातून दोन खुर्च्या आणून समोरासमोर ठेवल्या. काका एकीवर बसले, गळ्याचं बटण लावलं, आणि छापील मराठीत बोलले. मुलीच्या इथल्या मैत्रिणी, ओंडका, दहा रोपांपैकी तिने पाणी घातलेली चार, सगळं क्रमाने आलं. मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मी दुसऱ्या खुर्चीकडे हात केला. "आणि मालकाचं काय म्हणणं आहे?"

काका उठले. त्या खुर्चीत जाऊन बसले. बटण काढायला त्यांना जरा वेळ लागला.

"मालक म्हनतो जाऊ द्या," ते म्हणाले. "पोरीला मोठी शाला पायजे."

हरकत मी फेटाळली. माझ्याच तोंडाने. बायको आत निघून गेली.

टेम्पो आला त्या सकाळी काका गेटजवळ फळी आणि कागद घेऊन उभे होते. एकेक नग बाहेर आला, काकांनी हात लावला, रेघ ओढली. कपाट: पोचा, डावीकडे. फ्रिज: ठीक. पितळी डबा, मोदकांचा: ठीक. हमाल वैतागले, पण काका त्यांना घाई करू देईनात. सगळं चढल्यावर मुलगी शेवटी बाहेर आली. काकांनी तिच्या डोक्यावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग कागदावर लिहिलं, घडी घातली आणि माझ्या हातात दिलं.

"पोच दे," म्हणाले.

मी घडी उघडली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: मुलगी, एक. शेरा: हरकत कायम.

मी सही केली.